न्यूरल क्रेस्ट पेशी आणि भ्रूणविकास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तिघांच्या प्रश्नांतून तयार झाले आहे : मुंबईच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र घेऊन पदवी करणारे विद्यार्थी, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात भ्रूणशास्त्राशी झगडणारे विद्यार्थी आणि मुलाच्या निदानपत्रावर ‘न्यूरल क्रेस्ट’ हे शब्द वाचून बुचकळ्यात पडलेले पालक. सोपे प्रश्न आधी आणि अपवाद नंतर घेतले आहेत. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आजारांविषयीची उत्तरे समजून घेण्यापुरती आहेत. उपचार मुलाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असतात.

१. न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणजे नेमके काय?

पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात, पुढे मेंदू आणि मेरुरज्जू होणाऱ्या नळीच्या पाठीकडच्या कडेवर काही काळापुरता तयार होणारा, तेथून सुटून शरीरभर स्थलांतर करणारा आणि पोहोचलेल्या ठिकाणी अगदी निरनिराळ्या ऊती घडवणारा पेशींचा समूह म्हणजे न्यूरल क्रेस्ट. चेहऱ्याची बरीचशी हाडे, त्वचेतील रंगपेशी, आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांमधला पडदा हे सर्व या एका समूहाशी जोडलेले आहे. प्रौढ शरीरात मात्र ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाचा अवयव सापडत नाही, कारण हा समूह फक्त भ्रूणावस्थेतच अस्तित्वात असतो.

२. या पेशी केव्हा आणि कोठे तयार होतात?

मानवी भ्रूणात तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर (जननस्तर) असतात : बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर. त्यांतील बाह्यस्तराचा पाठीवरचा पट्टा जाड होतो. त्याला न्यूरल प्लेट म्हणतात. या पट्ट्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि साधारण २२व्या दिवसापासून जुळू लागतात. त्यातून होणारी नळी म्हणजे न्यूरल ट्यूब. तिचे डोक्याकडचे तोंड सुमारे २५व्या दिवशी आणि शेपटाकडचे २७व्या-२८व्या दिवशी बंद होते. करंजी भरल्यावर पारीच्या कडा जुळवून मुरड घालतात, त्या मुरडीच्या जागी या पेशी असतात : एका बाजूला भावी त्वचा, दुसऱ्या बाजूला भावी मेंदू आणि दोघांच्या सीमेवर न्यूरल क्रेस्ट.

ही सीमा शेजारच्या ऊतींकडून येणाऱ्या बीएमपी, डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ या संकेत देणाऱ्या प्रथिनांच्या प्रमाणावर ठरते. त्या संकेतांमुळे आधी पॅक्स३, पॅक्स७, झिक१ यांसारखी सीमेची जनुके आणि नंतर फॉक्सडी३, स्नेल२, सॉक्स९, सॉक्स१० ही खास क्रेस्टची जनुके कार्यरत होतात.

प्रात्यक्षिकात कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या स्लाइड पाहणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. २४ तासांच्या स्लाइडमध्ये न्यूरल कडा अजून उघड्या दिसतात, तर ३३ तासांच्या सुमारास डोक्याच्या भागातील क्रेस्ट पेशी बाहेर पडू लागलेल्या असतात. तरीही साध्या रंगकामाने रंगवलेल्या पूर्ण भ्रूणात त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, त्यामुळे त्या दिसल्या नाहीत म्हणून सूक्ष्मदर्शकाला दोष देण्याचे कारण नाही.

३. यांचा शोध कोणी लावला?

स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात न्यूरल ट्यूब आणि त्वचा यांच्यामधला हा पट्टा वर्णिला आणि मेरुरज्जूशेजारच्या चेतागंडिका (चेतापेशींचे पुंजके) त्यापासून होतात असे सांगितले. पुढच्या टप्प्याचे श्रेय बहुतेक गाइडांमध्ये दिलेले नसते. अमेरिकी भ्रूणशास्त्रज्ञ ज्युलिया प्लॅट यांनी १८९०च्या दशकात नेक्टुरस या उभयचराचा अभ्यास करून डोक्यातील काही कूर्चा बाह्यस्तरापासून तयार होते असे मांडले. हाडे आणि कूर्चा केवळ मध्यस्तरापासून होतात हा तेव्हा जवळजवळ सिद्धान्तच मानला जात असल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला कडाडून विरोध झाला आणि ते मान्य व्हायला काही दशके लागली. प्लॅट यांना विद्यापीठात कायमचे पद कधीच मिळाले नाही. १९३१ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या गावाच्या महापौर झाल्या.

४. पेशी इतक्या लांब जातात, तर त्या मुळात कोठून निघाल्या हे कळते कसे?

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे आणि परीक्षेत तो क्वचितच विचारला जातो. क्रेस्टपासून काय काय होते याची यादी पाठ करता येते, पण त्या यादीतील प्रत्येक नोंदीमागे कोणता पुरावा आहे हे ठाऊक नसेल तर पुढील अपवाद (प्रश्न ८ ते १२) मनमानी वाटू लागतात.

निर्णायक पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ निकोल ल द्वारँ यांनी १९६९ मध्ये पुढे आणली. जपानी लावा पक्ष्याच्या पेशींच्या केंद्रकात क्रोमॅटिनचा एक दाट गोळा असतो, जो फॉयल्गन रंगकामाने स्पष्ट उठून दिसतो. कोंबडीच्या पेशींत तो नसतो. कोंबडीच्या भ्रूणातील न्यूरल ट्यूबचा छोटा तुकडा काढून त्याच जागी, त्याच वयाच्या लाव्याचा तुकडा बसवला की भ्रूण वाढत राहतो आणि लाव्याच्या पेशी जेथे सापडतील तेथपर्यंत क्रेस्ट पोहोचली असे सिद्ध होते. ही खूण पेशीच्या अंगभूत असल्यामुळे पेशी कितीही वेळा विभागली तरी ती फिकट होत नाही, आणि आधीच्या रंगद्रव्यांची नेमकी तीच अडचण होती.

उंदरांमध्ये अशी कलमे करणे अवघड असल्यामुळे तेथे जनुकीय खूण वापरतात : डब्ल्यूएनटी१ या जनुकाच्या नियंत्रणाखाली एक विकर तयार करवून न्यूरल ट्यूबच्या पाठीकडच्या पेशी आणि त्यांच्या सर्व वंशज पेशी कायमच्या रंगवल्या जातात. मानवी भ्रूणावर असे प्रयोग होत नाहीत. त्यामुळे माणसाविषयीची आपली माहिती पक्षी आणि उंदीर यांच्याशी केलेली तुलना, आनुवंशिक आजार आणि प्रयोगशाळेत मूलपेशींपासून घडवलेल्या क्रेस्ट पेशी या तीन गोष्टींवर उभी आहे.

५. क्रेस्टचे भाग कोणते आणि प्रत्येकापासून काय होते?

शिरोभागातील क्रेस्ट चेहरा आणि जबड्यांची हाडे व कूर्चा, दातातील दंतिन, डोळ्याच्या पारपटलाचे आतील थर आणि डोक्यातील काही चेतागंडिका घडवते. तिच्या मागील बाजूचा, भावी कानापासून तिसऱ्या सोमाइटपर्यंतचा (सोमाइट म्हणजे न्यूरल ट्यूबच्या दोन्ही बाजूंना ओळीने असणारे मध्यस्तराचे ठोकळे) पट्टा हृदयाकडे जातो (प्रश्न १३). व्हेगल क्रेस्ट, म्हणजे पहिल्या सात सोमाइटांच्या पातळीवरची, आतड्यातील बहुतेक चेतासंस्था घडवते (प्रश्न १४). हृदयाकडे जाणारा पट्टा आणि हा पट्टा एकमेकांवर काही अंशी येतात, म्हणून आकृतीत त्यांच्यामध्ये ठळक रेघ मारू नये. धडाच्या भागातील क्रेस्टपासून मेरुरज्जूलगतच्या संवेदी गंडिका, अनुकंपी चेतासंस्थेच्या गंडिका, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीचा गाभा आणि रंगपेशी होतात. त्रिकास्थीच्या पातळीवरची क्रेस्ट आतड्याच्या शेवटच्या भागाला थोडी भर घालते. चेतातंतूंवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशी सर्वच भागांतून येतात.

६. या पेशी बाहेर पडतात कशा, आणि त्यांना वाट कशी सापडते?

सुरुवातीला या पेशी शेजारणींना घट्ट चिकटून एका थरात बसलेल्या असतात. स्नेल२ आणि तिच्या सोबतच्या जनुकांमुळे त्यांच्या पृष्ठभागावरील कॅडहेरिन प्रथिनांचा प्रकार बदलतो, चिकटपणा सैलावतो, पेशींना हालचालीसाठी उपांगे फुटतात आणि भोवतालच्या जाळ्याला वाट करून देणारी विकरे स्रवू लागतात. सस्तन प्राण्यांच्या डोक्यात हे न्यूरल ट्यूब बंद होण्यापूर्वीच सुरू होते, तर धडात ट्यूब बंद झाल्यानंतर.

धडात दोन मुख्य वाटा आहेत. पोटाकडे जाणारी वाट प्रत्येक सोमाइटच्या फक्त पुढच्या अर्ध्या भागातून जाते, कारण मागच्या अर्ध्या भागात एफ्रिन आणि सेमाफोरिन ही पेशींना परतवून लावणारी प्रथिने असतात. आपल्या पाठीच्या कण्यालगतच्या चेतागंडिका प्रत्येक मणक्यागणिक एक अशा सुट्या मांडलेल्या दिसतात, त्याचे मूळ या अडवणुकीत आहे. दुसरी वाट त्वचेखालून बाजूला जाते आणि ती मुख्यतः भावी रंगपेशी वापरतात.

शिवाय या पेशी एकमेकींनाही दिशा देतात. दोन पेशींची टक्कर झाली की दोघी थांबतात, तोंड फिरवतात आणि विरुद्ध दिशांना जातात. गर्दीच्या मध्यभागी असलेल्या पेशीला वळायला जागा नसते, कडेच्या पेशीला बाहेरची बाजू मोकळी असते. त्यामुळे संपूर्ण समूह बाहेरच्या दिशेने सरकतो.

७. पेशीचे भवितव्य निघतानाच ठरलेले असते की पोहोचल्यावर ठरते?

दोन्ही बाजूंनी भक्कम प्रयोग आहेत, म्हणून एका शब्दात उत्तर देणारे पुस्तक बाजूला ठेवावे. ल द्वारँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेगल आणि धडाच्या क्रेस्टची अदलाबदल केली तेव्हा पेशींनी नव्या जागेप्रमाणे काम स्वीकारले : धडाकडच्या पेशींपासून आतड्यातील चेतापेशी झाल्या आणि पुढच्या पेशींपासून अधिवृक्क ग्रंथीच्या पेशी. यावरून परिसर ठरवतो असे दिसते.

याउलट २००३ मध्ये बदक आणि लावा यांच्या शिरोभागातील क्रेस्टची अदलाबदल केली गेली, तेव्हा बदकाला लाव्यासारखी टोकदार आणि लाव्याला बदकासारखी चपटी चोच आली. चोचीचा आकार पेशींनी आपल्याबरोबर नेला होता. धडाच्या क्रेस्टला डोक्यात नेऊन बसवले तरी ती सहसा हाडे किंवा कूर्चा घडवत नाही हेही याच बाजूचे आहे; मात्र शिरोभागातील क्रेस्टची काही नियामक जनुके कोंबडीच्या धडाच्या क्रेस्टमध्ये घातल्यावर तिला कूर्चा बनवता येते असे २०१६ मध्ये दाखवले गेले.

माझ्या मते या सर्वांचा मेळ असा लागतो : कोणत्या प्रकारच्या ऊती घडवण्याची मुभा आहे हे पेशी ज्या पातळीवरून निघाली त्यावर बरेचसे अवलंबून असते, आणि त्या मुभेतील कोणती ऊती घडेल हे वाट आणि मुक्काम ठरवतात.

८. चेहऱ्याची आणि कवटीची सर्व हाडे क्रेस्टपासून होतात का?

चेहऱ्याची बहुतेक हाडे होतात, कवटीची सर्व होत नाहीत. उंदरावरील प्रयोगांनुसार कपाळाचे हाड क्रेस्टपासून आणि त्यामागचे पार्श्वकास्थी हाड मध्यस्तरापासून बनते, म्हणजे दोन उगमांची सीमा या दोन हाडांमधल्या सांध्यातून जाते. मधल्या कानातील हातोडी आणि ऐरण ही हाडे भ्रूणाच्या गळ्याशी असणाऱ्या कल्ल्यांच्या कमानींपैकी पहिल्या कमानीतील क्रेस्टपासून, तर रिकीब मुख्यतः दुसऱ्या कमानीतील क्रेस्टपासून येते. रिकिबीच्या तळपट्टीत मध्यस्तराचाही वाटा असतो. जबडा हलवणारे स्नायू मध्यस्तराचे असतात, पण त्यांना हाडाशी जोडणारी संयोजी ऊती क्रेस्टची असते.

९. दात क्रेस्टपासून होतात, मग एनॅमलही क्रेस्टचेच का नाही?

एनॅमल बनवणाऱ्या पेशी तोंडाच्या बाह्यस्तरापासून येतात. दंतिन, दातातील गर आणि मुळावरील सिमेंटम यांच्या पेशी क्रेस्टपासून येतात. दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींना संकेत देत राहतात आणि कोणतीही एक बाजू नसेल तर दात पूर्ण होत नाही. बहुपर्यायी प्रश्नात हमखास दिला जाणारा चकवा एवढाच.

१०. रंगाशी संबंधित सर्व पेशी क्रेस्टच्या असतात का? कोड आणि अल्बिनिझम हे क्रेस्टचे विकार आहेत का?

त्वचा, केस, डोळ्यातील बुबुळाचा पुढचा भाग आणि आतला कान येथील मेलॅनोसाइट, म्हणजे रंगपेशी, क्रेस्टपासून येतात. डोळ्याच्या पडद्यामागचा रंगीत थर मात्र न्यूरल ट्यूबच्याच भिंतीचा वाढलेला भाग आहे, म्हणून तो क्रेस्टचा नाही.

कोडाविषयी पालकांकडून वारंवार विचारणा होते. कोडामध्ये रंगपेशी भ्रूणावस्थेत व्यवस्थित पोहोचलेल्या असतात आणि नंतर, मुख्यतः शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींच्या हल्ल्यामुळे नष्ट होतात. तो संसर्गजन्य नाही आणि गर्भावस्थेतील कोणत्याही चुकीचा परिणाम नाही. अल्बिनिझममध्ये पेशीही जागेवर असतात, फक्त मेलॅनिन बनवण्याच्या साखळीतील एखादे जनुक सदोष असल्यामुळे रंग तयार होत नाही. पेशी मुळात पोहोचल्याच नाहीत असा प्रकार पाहायचा असेल तर पायबाल्डिझम पाहावा : किट या जनुकातील दोषामुळे कपाळ, छाती, पोट यांवर जन्मतःच पांढरे पट्टे असतात आणि ते सहसा वाढत नाहीत. वार्डनबर्ग सिंड्रोमही याच गटातला आहे (प्रश्न १५).

११. मेंदू क्रेस्टपासून होतो का?

नाही. मेंदू आणि मेरुरज्जूतील चेतापेशी, तसेच ॲस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट या साहाय्यक पेशी न्यूरल ट्यूबपासून होतात, तर मायक्रोग्लिया या मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी भ्रूणाला जोडलेल्या पीतक कोशातून येतात. क्रेस्टचा वाटा मुख्यतः मेंदूबाहेरच्या चेतासंस्थेत आणि मेंदूच्या पुढील भागावरील आवरणांत आहे.

१२. जुन्या पुस्तकात एक आणि नव्या लेखात दुसरेच लिहिलेले असते. परीक्षेत काय लिहावे?

अशी तीन उदाहरणे नेहमी समोर येतात. थायरॉइडमधील कॅल्सिटोनिन स्रवणाऱ्या सी-पेशी पक्ष्यांच्या प्रयोगांवरून क्रेस्टच्या मानल्या गेल्या. २०१५ मधील उंदरावरील वंशमागोव्याने, म्हणजे प्रश्न ४ मधील जनुकीय खुणेसारख्या प्रयोगाने, त्या अंतःस्तराच्या असल्याचे दाखवले. त्वचेतील स्पर्शाच्या मर्केल पेशी सस्तन प्राण्यांत बाह्यत्वचेपासून होतात असे सिद्ध झाले आहे. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्याची गोष्ट अधिक नाजूक आहे : उंदरात तेथील ॲड्रेनॅलिन स्रवणाऱ्या बहुतेक क्रोमॅफिन पेशी थेट क्रेस्टमधून न येता, चेतातंतूंच्या आधाराने तेथे पोहोचलेल्या श्वान पेशींच्या पूर्वज पेशींपासून होतात, असे २०१७ मध्ये दिसून आले. त्या पूर्वज पेशी स्वतः क्रेस्टच्या असल्यामुळे ‘क्रेस्टपासून’ हे उत्तर बरोबरच राहते, फक्त मध्ये एक मुक्काम वाढतो.

गुण मिळवायचे असतील तर नेमलेल्या पुस्तकातील उत्तर लिहावे आणि पुढे एका ओळीत नव्या पुराव्याचा उल्लेख करावा. माझ्या अनुभवात सुजाण परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत. ‘क्रेस्ट हा चौथा जननस्तर आहे का’ या प्रश्नालाही हीच रीत लागू पडते. ही कल्पना ब्रायन हॉल यांनी मांडली, तिला चांगला आधार आहे, परंतु पृष्ठवंशी प्राणी त्रिस्तरी असतात हेच उत्तर अजून अपेक्षित असते.

१३. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे. हा क्रेस्टचा दोष आहे का?

केवळ छिद्र असेल तर बहुधा नाही. कर्णिकांमधील पडदा आणि निलयांमधील पडद्याचा स्नायूचा भाग यांचा उगम वेगळा आहे. क्रेस्टचे काम हृदयातून बाहेर पडणाऱ्या एकाच मोठ्या नळीचे महाधमनी आणि फुप्फुसधमनी असे दोन भाग करणे हे आहे. १९८३ मध्ये मार्गारेट किर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातून क्रेस्टचा नेमका तो पट्टा काढून टाकल्यावर ही विभागणी झालीच नाही. अशा दोषाला ट्रंकस आर्टेरिओसस म्हणतात आणि त्यासोबत निलयांमधील पडद्याच्या वरच्या भागातही उणीव असते.

सुमारे ४००० जन्मांमागे एकात आढळणाऱ्या २२क्यू११.२ गुणसूत्रखंडाच्या लोपात, ज्याला डायजॉर्ज सिंड्रोम म्हणूनही ओळखतात, अशा धमन्यांचे दोष, थायमस व पॅराथायरॉइड ग्रंथींची अपुरी वाढ आणि टाळूचे दोष एकत्र दिसतात. तो क्रेस्टचा विकार म्हणून शिकवला जातो. पण त्यातील मुख्य जनुक टीबीएक्स१ क्रेस्ट पेशींत नव्हे तर त्यांच्या वाटेवरील अंतःस्तर आणि मध्यस्तर यांत कार्यरत असते. म्हणजे प्रवासी ठीक असतात आणि वाट बिघडलेली असते.

१४. हर्शस्प्रंग आजारात आतड्यात नेमके काय कमी असते?

आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी कमी असतात, आणि त्या गुदाशयापासून सुरू होऊन वरच्या दिशेने कमी-अधिक लांबीपर्यंत मुळीच नसतात. कारण समजण्यासाठी या पेशींची वाट पाहावी लागते. व्हेगल क्रेस्टच्या पेशी मानवी भ्रूणात चौथ्या आठवड्याच्या सुमारास अन्ननलिकेच्या टोकाशी आतड्यात शिरतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास शेवटच्या टोकाला पोहोचतात. या काळात आतडेही लांब होत असते, त्यामुळे पेशींना चालता चालता सतत विभागून संख्या वाढवावी लागते. आतड्याची भिंत जीडीएनएफ हे प्रथिन स्रवते, क्रेस्ट पेशींवरील रेट हा ग्राही ते ओळखतो आणि त्यावर पेशींचे जगणे, वाढणे व पुढे सरकणे अवलंबून असते. संख्या कमी पडली की आघाडी शेवटापर्यंत पोहोचत नाही. गुदाशय सर्वांत शेवटी येतो, म्हणून उणीव नेहमी तेथे असते. या आजाराशी सर्वाधिक जोडलेले जनुकही रेटच आहे. ईडीएनआरबी हे दुसरे महत्त्वाचे जनुक होय.

चेतापेशी नसलेला भाग सैलावत नाही, त्यामुळे मळ त्याच्या वरच्या बाजूला साठतो आणि तेथील निरोगी आतडे फुगते. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रंग यांनी १८८६ मध्ये या फुगलेल्या भागाचे वर्णन केले आणि पुढे बराच काळ तोच भाग आजारी समजला गेला. खरा दोष त्याखालच्या, दिसायला साध्या भागात होता.

सुमारे ५००० जन्मांमागे एका बाळात हा आजार आढळतो. मुलग्यांत तो मुलींच्या जवळजवळ चौपट असतो आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत अधिक दिसतो. नवजात बाळाने पहिल्या ४८ तासांत काळी शी केली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली तर त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. घुटी किंवा साबणाची कांडी यांत वेळ घालवू नये. निश्चित निदान गुदाशयाच्या बायोप्सीने होते आणि चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया हा उपचार आहे. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांना बद्धकोष्ठता किंवा आतड्याचा दाह होत राहतो, म्हणून नियमित तपासणी सोडू नये.

१५. मुलीच्या कपाळावर पांढरी बट आहे आणि तिला जन्मतः ऐकू येत नाही. दोन्हींचा संबंध काय?

संबंध असू शकतो, आणि तो पूर्णपणे क्रेस्टमधून जातो. आतल्या कानाच्या शंखाकृती भागात रंगपेशींचा एक थर असतो, जो तेथील द्रवातील पोटॅशियमचे आणि विद्युतदाबाचे प्रमाण राखतो. त्या पेशी पोहोचल्या नाहीत तर श्रवणपेशी ठीक असूनही काम करू शकत नाहीत. केसांतील आणि कानातील रंगपेशी एकाच उगमाच्या असल्यामुळे दोन्ही लक्षणे एकत्र येतात. डच नेत्रतज्ज्ञ पेट्रुस वार्डनबर्ग यांनी १९५१ मध्ये हे लक्षणसमूह सविस्तर मांडले. पॅक्स३, एमआयटीएफ, सॉक्स१० ही त्यातील प्रमुख जनुके आहेत. चौथ्या प्रकारात हर्शस्प्रंग आजारही असतो, म्हणून अशा बाळाच्या शौचाच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करू नये. श्रवणचाचणी आणि जनुकीय सल्ला लवकर घ्यावा, कारण भाषा शिकण्याची वर्षे थांबत नाहीत.

१६. ग्रहणात भाजी चिरली म्हणून नातवाचा ओठ दुभंगला, असे आमच्या घरात सर्व जण सुनेला बोलतात. यात तथ्य आहे का?

अजिबात नाही, आणि हे बोलणे थांबवावे. वरचा ओठ बाजूने येणारे उंचवटे आणि नाकाखालचे उंचवटे एकमेकांना मिळून सातव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होतो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळते. हे उंचवटे क्रेस्ट पेशींनी भरलेले असतात, आणि त्यांची वाढ, दिशा किंवा वरच्या आवरणाचे जुळणे यांपैकी काहीही चुकले तर फट राहते. यातील काही जनुके, उदाहरणार्थ आयआरएफ६, क्रेस्टमध्ये नव्हे तर त्या आवरणात काम करतात, म्हणून प्रत्येक दुभंग क्रेस्टच्या माथी मारता येत नाही. जगभरात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळात ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते आणि ग्रहणाची अशी समजूत नसलेल्या देशांतही ती असते. आनुवंशिकता, धूम्रपान आणि अपस्माराची काही औषधे यांचा संबंध दिसतो. मात्र अपस्माराची गोळी स्वतःहून बंद करणे अधिक धोक्याचे आहे, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची नंतर, बोलणे सुरू होण्याच्या सुमारास केली जाते.

१७. फॉलिक ॲसिड घेतले की क्रेस्टचे दोष टळतात का? कोणती औषधे टाळावीत?

फॉलिक ॲसिडमुळे न्यूरल ट्यूब उघडी राहण्याचे दोष बऱ्याच प्रमाणात टळतात हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध झाले आणि गर्भधारणेआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घेण्याची शिफारस त्यामुळे आहे. क्रेस्टच्या दोषांबाबत तितका भक्कम पुरावा नाही. म्हणून ती गोळी जरूर घ्यावी, पण हर्शस्प्रंगसारखा आजार झाल्यास ‘गोळी चुकली असेल’ असा निष्कर्ष काढू नये.

मुरमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध मात्र क्रेस्टवर थेट आघात करते. त्यामुळे कान, चेहरा, हृदयातील मोठ्या धमन्या आणि थायमस यांचे गंभीर दोष होतात. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी ते बंद झालेले असावे. मद्यामुळे क्रेस्ट पेशी मरतात हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे आणि गर्भारपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

१८. कोणते कर्करोग क्रेस्टशी संबंधित आहेत?

लहान मुलांतील न्यूरोब्लास्टोमा अनुकंपी चेतासंस्था आणि अधिवृक्क गाभा यांच्या अपरिपक्व पेशींतून उद्भवतो; काही तान्ह्या बाळांत तो उपचारांशिवायही विरतो, तर एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्यास तो आक्रमक असतो. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग आणि फिओक्रोमोसायटोमा ही अधिवृक्क गाभ्याची, बहुतेक वेळा न पसरणारी गाठ, याही क्रेस्टच्या वंशातील पेशींतून होतात. रेट जनुकाचे काम बंद पडले तर हर्शस्प्रंग आणि ते जनुक सतत चालू राहिले तर एमईएन२ हा ग्रंथींच्या गाठींचा आनुवंशिक विकार, असे एकाच जनुकाचे दोन टोकांचे परिणाम दिसतात.

१९. दुधाच्या दातातील मूलपेशी साठवून ठेवाव्यात का?

दातातील गरात क्रेस्टच्या वंशाच्या मूलपेशी असतात हे खरे आहे आणि दुधाच्या दातांतील अशा पेशींचे वर्णन २००३ मध्ये झाले. त्यांच्यावर संशोधन चालू आहे, परंतु साठवलेल्या पेशींनी बरा होईल असा प्रस्थापित उपचार आज उपलब्ध नाही. भारतातील २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यावसायिक साठवणुकीची परवानगी फक्त नाळेतील रक्तापुरती आहे. माझा सल्ला पैसे वाचवण्याचा आहे.

२०. क्रेस्ट फक्त पृष्ठवंशी प्राण्यांतच असते का?

खरी क्रेस्ट होय. पृष्ठवंशी प्राण्यांच्या नात्यातल्या, पण कणा नसलेल्या ॲम्फिऑक्ससमध्ये ती नाही. समुद्रातील ॲसिडियन प्राण्यांत तिच्याशी साम्य असलेल्या काही पेशी सापडल्या आहेत, ज्यांवरून तिचे काही घटक आधीच अस्तित्वात होते असे दिसते. जबडा नसलेल्या लॅम्प्रे माशात क्रेस्ट आहे, म्हणजे ती जबड्यापेक्षा जुनी आहे. गॅन्स आणि नॉर्थकट यांनी १९८३ मध्ये मांडले की पाणी गाळून खाणाऱ्या पूर्वजांपासून शिकारी पृष्ठवंशी घडताना डोके हा मोठ्या प्रमाणात नव्याने जोडलेला भाग होता आणि तो मुख्यतः क्रेस्टने घडवला. क्रॉफर्ड मार्केटमधील मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारा झेब्रा मासा या संशोधनात फार वापरला जातो, कारण त्याचा भ्रूण पारदर्शक असतो. त्याच्या अंगावरचे पट्टेही क्रेस्टपासून झालेल्या तीन प्रकारच्या रंगपेशींनी बनतात.

२१. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या छातीवर आणि पंजांवरच पांढरे का असते?

या जागा पाठीच्या मध्यरेषेपासून सर्वांत दूर आहेत, म्हणून रंगपेशींची संख्या थोडी जरी कमी पडली तरी पांढरेपणा आधी तेथे दिसतो. २०१४ मध्ये विल्किन्स, रँगहॅम आणि फिच यांनी यापुढे जाऊन असे सुचवले की माणसाळलेल्या प्राण्यांत एकत्र दिसणारे पांढरे ठिपके, लोंबते कान, आखूड जबडा आणि कमी झालेली भीती या सर्वांमागे क्रेस्टची सौम्य कमतरता असावी. भीतीचा संबंध त्यांनी अधिवृक्क ग्रंथीशी लावला. कल्पना आकर्षक आहे, पण ही सर्व लक्षणे माणसाळलेल्या प्राण्यांत खरोखर एकत्र येतात का यावरच वाद आहे. ठिपक्यांपुरते स्पष्टीकरण स्वीकारायला हरकत नाही. कानांचे आणि स्वभावाचे मात्र प्रश्न ४ मधील कसोटीला, म्हणजे पेशींच्या वंशाच्या थेट पुराव्याला, अजून उतरायचे आहे.